टप्पा पडू द्या!

चाळीच्या चौकात आम्ही संध्याकाळी जो खेळ खेळायचो, त्याला धड नाव नव्हतं. सुताराकडून मागून आणलेली प्लायवुडची फळी, तिच्या मुठीला गुंडाळलेली सायकलची जुनी ट्यूब, लव झडलेला टेनिसचा चेंडू आणि जाळीच्या जागी कपडे वाळत घालायची दोरी. नियम जागेनं ठरवलेले: गॅलरीत चेंडू गेला की आउट, नळाच्या कट्ट्याला लागला की डाव पुन्हा. धाकट्यांना लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. एखादे आजोबाही मधेच येऊन फळी मागायचे आणि दोन हात खेळून जायचे.

आज ठाण्या-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पिकलबॉल रंगलेला बघताना तो चौक हटकून आठवतो. कारण हा खेळही असाच, घरात सापडेल त्यातून जन्मला. १९६५च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी कंटाळलेल्या घरच्यांसाठी तो सुरू केला. बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं, पण पुरेसं साहित्य सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला, जाळी खाली ओढली. शेजारच्या बार्नी मॅकॅलम यांनी प्लायवुड कापून बॅटी बनवल्या. आपल्याकडे तो रुजवला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. कॅनडात ओळख झालेला हा खेळ त्यांनी इथे आणला आणि २००८मध्ये त्याची अखिल भारतीय संघटना उभी केली. आता प्लायवुड जाऊन कार्बन फायबर आलं आहे.

खेळायला सोपा. कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरीएवढंच, ४४ फूट बाय २० फूट. जाळी कडेला ३६ इंच, मध्ये ३४. सर्व्हिस कमरेखालून आणि तिरकी. समोरच्यानं एक टप्पा पडू द्यायचा, त्यानं परतवलेला चेंडूही सर्व्हिसवाल्यांनी टप्पा पडल्यावरच मारायचा. त्यानंतर हवेतला चेंडू मारायला मोकळीक. मात्र जाळीलगत दोन्हीकडे सात फुटांचा पट्टा असतो, त्याला ‘किचन’ म्हणतात. त्यात उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. मारण्याच्या भरात पाय आत गेला तरी चूक. रूढ पद्धतीत गुण सर्व्हिस असलेल्या बाजूलाच मिळतात. डाव ११ गुणांचा, पण दोनची आघाडी हवी.

या पट्ट्याची खरी किंमत कोर्टाशेजारी उभं राहिलं की कळते. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक काकू मनगट न हलवता, खांद्यातून नुसता हलका रेटा देऊन चेंडू जाळीपलीकडे अलगद ठेवतात. समोरचा कॉलेजातला मुलगा झेपावतो, पण त्याला थांबावं लागतं, टप्पा पडू द्यावा लागतो. गुडघ्याएवढाही न उसळलेला तो चेंडू त्याला वर उचलावाच लागतो आणि काकूंच्या भिडूला सोपा फटका मिळतो. अंगातली ताकद इथे एकटी पुरत नाही. चाळीत लहानथोरांना सांभाळून घेण्याचं काम मायेनं व्हायचं. इथे ते नियमातच लिहिलंय. आपल्या बाजूची रेष आपणच बघायची आणि शंका आली तर कौल समोरच्याच्या बाजूनं द्यायचा, हाही नियमच. आमच्याकडे तेवढ्यासाठी आईची शपथ घ्यावी लागे.

तेव्हाचं सगळंच सोनं नव्हतं. दिवेलागणीला मुलींना हाक यायची आणि त्यांचा डाव अर्ध्यावर राहायचा. त्यांच्या आया तर फळीला हात लावायला कधी आल्याच नाहीत. आज त्याच वयाच्या बायका मॅच मागून घेतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण चौकात यायला ॲपवरचं बुकिंग लागत नव्हतं, तासाचं भाडं नव्हतं, आणि पाहुणा आलेला मावसभाऊसुद्धा लगेच भिडू व्हायचा.

म्हणून सोसायट्यांच्या समित्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं: आठवड्यातली एक तरी संध्याकाळ कोर्ट बुकिंगशिवाय ठेवा. चार जादा बॅटी कोपऱ्यात असू द्या. वॉचमनच्या मुलीनं, गावाहून आलेल्या आजोबांनी, कुणीही यावं आणि खेळावं. अनोळखी माणसाला पाच मिनिटांत सामावून घेणं या खेळाला जमतं. त्याला तेवढी संधी आपण द्यायला हवी.