नावेचा काठ

वर्धा नदी उगम पावते मुलताईजवळ, म्हणजे आमच्याच मुलखात. आणि तिच्या काठचा वरूड तालुका पांढुर्ण्यापलीकडे लागूनच आहे. सीमा नकाशावर, सोयरिकी मात्र दोन्ही तीरांवर. त्यामुळे १४ सप्टेंबर २०२१ रोजी झुंज येथे नाव उलटून अकरा जणांना जलसमाधी मिळाल्याची वार्ता बोरगावात परक्या गावची वाटली नाही. मृत्यूनंतरच्या विधीसाठी जमलेले ते आप्त होते. नावेत तेरा माणसे होती, वाचली दोन.

त्यानंतर एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला : नाव किती भार सोसते, हे चढणाऱ्याने ओळखावे कसे?

मी भाषेचा शिक्षक. परंतु आर्किमिडीजचा सिद्धांत येथे पुरेसा आहे. नाव आपल्या एकूण वजनाइतके पाणी बाजूला सारते. पाण्याच्या पातळीशी तिचा विस्तार तीन चौरस मीटर असेल, तर तीस किलो भाराने ती सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. पंचावन्न किलोंची तेरा माणसे, म्हणजे ७१५ किलो. नाव जवळजवळ चोवीस सेंटिमीटर खाली. पाण्यावर जो काठ उरतो, तेवढेच आपले आयुष्य. तळाशी साचलेले बादलीभर पाणी दहा-पंधरा किलोंचेच, पण नाव कलली की तेही कललेल्या बाजूस धावते. माणसेही तेच करतात. उभे राहिलेल्या माणसाचा भार वर चढतो, आणि आकड्यात बसणारी नावही उलटते.

हल्ली पर्यटनस्थळी दिसणाऱ्या अरुंद कयाकवर भारमर्यादा छापलेली असते. तो आकडा वल्हवणारा आणि त्याचे सामान मिळून असतो. शिवाय ती अखेरची मर्यादा होय, सोयीचा भार नव्हे. जाणते लोक त्याच्या दोन-तृतीयांशापाशीच थांबतात. आपल्या नदीवरील डोंग्यावर मात्र आकडा नसतो. तेथे नावाड्याची भीड असते!

विलायतेतही हे सहज घडले नाही. सॅम्युअल प्लिमसोल यांच्या झुंजीमुळे १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा सक्तीची झाली. पण ती कोठे रंगवावी, हे मालकाच्या मर्जीवर राहिले. ती उणीव भरून निघण्यास १८९० उजाडले.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची नाव उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेहून पुष्कळ अधिक जण होते, आणि सुरक्षा-जाकिटे सर्वांच्या अंगात नव्हती. त्या दिवसापासून सहलीच्या संमतिपत्रावर सही करताना माझा हात क्षणभर थबकतो.

पुढील वर्षी एका जलाशयावर नावाडी म्हणाला, “गुरुजी, पोरं हलकी असतात, दोघांचा एक माणूस धरा.” वजनाच्या हिशेबात तो फारसा चुकत नव्हता. परंतु बगळा दिसताच बाराच्या बारा मुले एकाच बाजूस झुकतात, हे शाळेतील माणसास सांगावे लागत नाही. मी आठच मुले बसविली, जाकिटांचे बंद स्वतः आवळले आणि काठ पाण्यावर किती उरला, ते किनाऱ्यावरून वितीने मोजून पाहिले. तीन फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीतील मुले आपली पाळी येईपर्यंत कुरकुरत चिवडा खात बसली होती. भाडेही तिप्पट द्यावे लागले.