जाविया हललाच नाही

नगर जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवतो. गणिताशी माझा संबंध कधीच सुटला होता. पण गेल्या वर्षी गणिताचे सर आठवडाभर रजेवर गेले आणि दहावीचा तास माझ्या गळ्यात पडला. धडा 'वर्तुळ'. बालभारतीचं हेच पुस्तक उर्दूतही निघतं, त्यामुळे मुलांच्या हातात 'दायरा' होता.

अंतर्लिखित कोन हा त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मा असतो, हे मी दहावीत नुसतं घोकलं होतं. आता खडूऐवजी जिओजेब्रा उघडलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात त्याची सुरुवात केली.

वर्तुळ काढलं, त्यावर अ आणि ब हे बिंदू घेऊन जीवा जोडली. केंद्राशी कोन ८० अंश. मग मोठ्या कंसावर क हा बिंदू ठेवून कोन मोजला, ४० अंश. एका मुलीला म्हटलं, "बेटा, क ला ओढ बरं." तिने ओढला. बाजू लांबल्या, आखडल्या, आकडा तोच.

"सर, जाविया तो हिलताच नई!"

जाविया म्हणजे कोन. क पासून केंद्रातून रेघ काढली. त्रिज्या सारख्या, म्हणून दोन समद्विभुज त्रिकोण झाले आणि केंद्राशी बाहेरचे कोन दुप्पट आले. निम्म्याचं कारण मलाही त्या दिवशीच कळलं.

तिने क आणखी पुढे, ब च्या पलीकडे नेला. पडद्यावर २२०! मी गडबडलो. तीच म्हणाली, "सर, ये बाहर का नाप रहा. अंदर का १४०." मागून कुणी तरी ओरडलं, "४० और १४०, १८०!" चक्रीय चौकोनाचं प्रमेय मुलांनीच गाठलं होतं.

तास संपल्यावर ती थांबली. अकरावीला सायन्स घ्यायचं नाही म्हणाली. "वहाँ सब लफ्ज बदल जाते सर. अब्बा भी यहीच बोलते."

मी फळ्यावर लिहिलं: कौस, कंस. वतर, जीवा. कौस म्हणजे धनुष्य, वतर म्हणजे त्याची दोरी. संस्कृतात जीवा म्हणजेही धनुष्याची दोरीच. ही जीवा अरबीत 'जीबा' झाली, पुढे कुणी ती 'जैब' वाचली, आपला जेब तोच. त्याचं लॅटिनमध्ये भाषांतर झालं 'सायनस', म्हणजे त्रिकोणमितीतला साइन. ती खळखळून हसली.

नवे शब्द तिला जड जाणार नाहीत, असं मी म्हणणार नाही. जातील. म्हणून आता दर शनिवारी आम्ही उर्दू, मराठी, इंग्रजी अशा तीन रकान्यांची वही भरतो. पहिलं पान तिनेच लिहिलं आणि फाडून घेतलं.

"सर, ये अब्बा को दिखाती मैं."