पहिलं पुस्तक

नाशिकच्या मराठी शाळेतून बारावी झालेली भाची आज विचारत होती, ‘मामा, प्रोग्रॅमिंगसाठी कुठलं पुस्तक घेऊ?’ मी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं सी भाषेवरचं ‘लेट अस सी’ सुचवलं. त्याच भाषेवरचं कर्निगन आणि रिची यांचं १९७८चं पुस्तक थोरच, पण ते थोडंफार येणाऱ्यांसाठी आहे. कानेटकर श्रीगणेशापासून शिकवतात, तेही सोप्या इंग्रजीत.

तिला म्हटलं, नुसतं वाचू नकोस. बेचा पाढा छापणारा लूप स्वतः टाइप कर. मग एक अर्धविराम मुद्दाम काढ. चूक एका ओळीत असते आणि कंपायलर कधीकधी पुढच्या ओळीवर बोट ठेवतो. हे एकदा उमगलं की चुकांची धास्ती उरत नाही.

नवशिक्यांनो, पुस्तक एकच घ्या, पण त्यातलं प्रत्येक उदाहरण चालवून बघा.