बेटाचे शिक्षक बेटातूनच

वाकोल्याच्या माणसाला 'तू बेटावर राहतोस' असे कुणी सांगितले, तर तो हसण्यावारी नेईल. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग आणि मध्ये दाटीवाटीने उभ्या इमारती. यात बेट कुठले? तरीही आपली साष्टी हे बेटच होते. 1845 साली लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या 1,57,000 रुपयांच्या देणगीतून माहीमचा सेतू उभा राहिला. तोवर वांद्र्याहून माहीमची खाडी ओलांडायची तर होडीशिवाय गत्यंतर नव्हते. पूल झाले, रेल्वे आली आणि आपण बेटकरी असल्याचे विसरून गेलो.

आपल्या समाजाचा एक भाग मात्र अजूनही ते विसरू शकलेला नाही. मनोरी, गोराई आणि उत्तन या गावांच्या भूभागाला 'धारावी बेट' असे जुने नाव आहे. भाईंदरच्या बाजूने तिथे रस्ता जातो. पण मालाडकडून जाणाऱ्याला मार्वेच्या धक्क्यावर फेरीबोटीचीच वाट पाहावी लागते. माझ्या आईचे माहेर मनोरीचे. त्यामुळे त्या खाडीची ये-जा माझ्या बालपणापासून अंगवळणी पडलेली आणि तिथल्या मुलांच्या शिक्षणाविषयीची तळमळही तितकीच जुनी आहे.

बेटावर दोन प्रकारचे शिक्षक येतात. एक बोटीने येतो आणि बोटीने जातो. त्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पावसाळ्यात खवळलेली खाडी ओलांडून वर्गात वेळेवर उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हे. परंतु शाळा सुटली की त्याचे लक्ष धक्क्याकडे लागते आणि ते स्वाभाविकच आहे. दुसरा शिक्षक त्याच गावात राहतो. मिस्साला तो मुलांच्या आईवडिलांशेजारी बसतो. कुणाची होडी वादळात सापडली, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे त्याला हजेरीपट न उघडताही ठाऊक असते. गैरहजर मुलाच्या घरी तो संध्याकाळी सहज डोकावतो.

हा फरक केवळ आपुलकीपुरता नाही, अध्यापनाचाही आहे. एक उदाहरण देतो. आपले कोळी बांधव तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून घेत. ते पाढे शाळेतून गेले. पण समुद्रावर पाऊणकी अजून जिवंत आहे. बापाची होडी कधी लोटायची, हे मनोरीतल्या सहावीच्या मुलाला कळते. तोच मुलगा अपूर्णांकांचा गुणाकार आला की फळ्याकडे शून्य नजरेने पाहत बसतो. ही दोन्ही गणिते एकच आहेत, हे त्याला कोण सांगणार? जो पाऊणकीही जाणतो आणि अपूर्णांक शिकवण्याची पद्धतही जाणतो, तोच.

म्हणूनच 'गावातला कुणीही शिकलेला मुलगा चालेल' असे मी म्हणणार नाही. स्थानिक असणे ही पात्रतेची अर्धी बाजू झाली. दुसरी अर्धी बाजू प्रशिक्षणाची. या दोन्ही बाजू एकत्र आणता येतात, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे.

मारिया माँटेसरी या कॅथॉलिक विदुषीने 1907 साली रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे मुलांना सांभाळायला तिने नेमली, ती कुणी पदवीधर शिक्षिका नव्हती, तर अध्यापनाचे शिक्षण न घेतलेली एक साधी तरुणी होती. माँटेसरीने तिला काम करता करताच घडवले. तोच विचार आपल्याकडे ताराबाई मोडकांनी आणला. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्यातूनच आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती आली. आणि या साऱ्यासाठी लागणाऱ्या बालसेविका तिथेच शिकवून तयार केल्या गेल्या. शहरातून शिक्षिका येतील, याची वाट पाहत त्या दोघी बसल्या असत्या, तर कोसबाडला टेकडीच राहिली असती.

आज ही वाट अधिक अवघड झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका. त्यावर 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा. नोकरी मिळालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा 6,000 रुपये होते, ते 2023 साली 16,000 झाले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान अर्हता व्हायची आहे. शासनाची 'पवित्र' ही संगणकीय भरती वशिलेबाजीला आळा घालते, हे उत्तमच. पण गुणवत्ता यादीत गुण दिसतात, गाव दिसत नाही.

मनोरीतल्या माझ्या एका भाचीला शिक्षिका व्हायचे आहे. तिच्या घरच्यांनी हा सारा हिशेब मांडला. रोज बोट, बस आणि लोकलने महाविद्यालय गाठायचे, चार वर्षे फी भरायची आणि अखेरीस एवढ्याच मानधनावर सुरुवात करायची. त्यापेक्षा एखाद्या कार्यालयात चिकटलेली बरी, असे त्यांना वाटते. त्यांचा हिशेब चुकीचा आहे असे मला म्हणवत नाही. तो हिशेब एकट्या कुटुंबाने मांडावा लागतो, एवढेच मला खटकते.

शिक्षकाची गरज साऱ्या गावाला आहे. मग त्याच्या घडणीचा भार एका घरावर का? आपले धर्मग्राम सणांवर मुक्त हस्ताने खर्च करतात. त्यातून दर दोन-तीन वर्षांनी एका मुलाची किंवा मुलीची फी उभी राहणे अशक्य नाही. 'शिकून आल्यावर काही वर्षे गावातच शिकवीन' एवढे वचन त्या विद्यार्थ्याकडून घ्यावे. वाकोला, कालिना, वांद्रे इथल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांनी पात्रता परीक्षेची तयारी करून घ्यावी, पाठ कसा काढावा हे दाखवावे आणि बेटकऱ्यांच्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत आपल्या घरी उतरू द्यावे. यासाठी शासनाच्या परवानगीची गरज नाही.

व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. शाळेचे ध्येय साध्य होणे प्रामुख्याने शिक्षकांवर अवलंबून असते, म्हणून त्यांची तयारी विशेष काळजीने करावी, असे त्यात बजावले आहे. प्रभू येशूने तरी निराळे काय केले? यरुशलेमचे शास्त्री त्याने बोलावून आणले नाहीत. गालील सरोवराच्या काठी जाळी धुणारी, नीट करणारी माणसे त्याने निवडली, त्यांना आपल्या सहवासात ठेवले आणि मगच पाठवले. निवड स्थानिक होती, पण तयारीत कसूर नव्हती.

मार्वेच्या धक्क्यापलीकडे आजही जाळी नीट करणारे हात आहेत. त्यांतला एखादा हात खडू धरू इच्छित असेल, तर त्याच्या मागे उभे राहणे हे आपणा साष्टीकरांचे कर्तव्य आहे. आपल्यासाठीही एके काळी कुणीतरी पाण्यावर सेतू बांधला होता.