आठव्या चालीनंतरचा डाव

ओपनिंगचा अभ्यास म्हणजे चाली पाठ करणे, ही समजूत बुद्धिबळात घट्ट रुजली आहे. मला वाटते, ओपनिंग निवडणारा खेळाडू समोरच्याला कोणत्या प्रकारचा डाव खेळायला लावायचा, ते ठरवत असतो. २००० साली लंडनमध्ये झालेली जगज्जेतेपदाची कास्पारोव्ह-क्रॅमनिक लढत हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. पांढऱ्या मोहऱ्यांनी स्पॅनिश सुरुवात करणाऱ्या कास्पारोव्हला क्रॅमनिकने बर्लिन बचावाने उत्तर दिले. त्यात आठव्या चालीलाच वजिरावजिरी होते. काळ्याचा राजा मधोमध राहतो, त्याला किल्लेकोट करता येत नाही आणि 'सी' पट्टीत त्याची दोन प्यादी एकामागे एक अडकतात. बाकीची मोहरी मारली जाऊन फक्त प्यादी उरली, तर राजाच्या बाजूला एक प्यादे जास्त असलेला पांढराच बहुधा जिंकतो. तरीही काळ्याकडे दोन्ही उंट असतात, त्याची तटबंदी सहज फुटत नाही आणि वजीर नसल्याने उघड्या राजालाही फारसा धोका उरत नाही. कास्पारोव्हची खरी ताकद वजिरासह चढवलेल्या हल्ल्यात होती. क्रॅमनिकने ती वापरायला जागाच ठेवली नाही. या बचावाचे चारही डाव बरोबरीत सुटले.

कोणी म्हणेल, नुसत्या बरोबऱ्यांनी जगज्जेतेपद मिळत नाही. खरेच आहे. क्रॅमनिकचे दोन्ही विजय पांढऱ्या मोहऱ्यांनी, वजिराचे प्यादे पुढे टाकून मिळालेले आहेत. पण ते दोन विजय पुरेसे ठरले, कारण काळ्याकडून तो एकही डाव हरला नाही. निकाल साडेआठ विरुद्ध साडेसहा लागला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज संगणकाने तयारी केल्यावर स्मरणशक्तीच निर्णायक ठरत नाही का? २००८ साली बॉनमध्ये विश्वनाथन आनंदने याच क्रॅमनिकला मेरान पद्धतीत, काळ्या मोहऱ्यांनी दोनदा हरवले. त्यामागे घरची कसून तयारी होतीच. पण क्रॅमनिकला शांत, आटोपशीर डाव रुचतो हे ओळखून आनंदने त्याला गुंतागुंतीच्या, धोक्याच्या स्थितीत खेचले. तयारी कोणत्या दिशेने करायची, हे त्या पारखीने ठरवले. म्हणून शिकणाऱ्याने पाठांतराआधी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत: या चालींनंतर पटावर काय उरते, आणि ते आपल्याला जास्त पेलते की समोरच्याला?