तळमजला कुणासाठी?

मंगळवार, 4 नोव्हेंबर 2025

नगरपरिषदांच्या निवडणुका आज जाहीर झाल्या. 2 डिसेंबरला मतदान. अकलूजला 2021 मध्ये ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, पण नगरसेवक निवडायची ही पहिलीच वेळ. संध्याकाळपासून जिकडेतिकडे प्रभाग, आरक्षण आणि तिकिटं यांचीच चर्चा आहे. रस्ते, गटारं, पाणी हे विषय प्रचारात येतीलच. म्हाताऱ्या माणसांच्या घरांबद्दल कोणी बोलेल का, हे मला पाहायचं आहे.

कारखाना, शाळा, दवाखाने, पेठ ज्या पिढीच्या कष्टांवर उभे राहिले, ती पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली. मुलं पुण्याला, कोणाची त्याहून लांब. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातली जवळपास दहा माणसं साठीच्या पुढची होती. 2031 पर्यंत ती पंधरा होतील असा सरकारी अंदाज आहे. आमच्या गल्लीत दुपारी फिरलं तर 2031 केव्हाच उजाडलंय असं वाटतं.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

आक्कांकडे गेले होते. वय अठ्ठ्याहत्तर, माळवदाचं जुनं घर, दोन्ही मुलं पुण्याला. घर भक्कम आहे. हातभर जाडीच्या भिंती, सागवानी तुळया, उन्हाळ्यात आत गारवा. पण जोतं उंच. रस्त्यावरून ओट्यावर यायला तीन दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरी माझ्या नडगीच्या निम्म्यापर्यंत येते, आणि धरायला काही नाही. आक्का भिंतीला तळवा टेकत, आडव्या होऊन, एकेक पाय खाली सोडतात. तळवा रोज टेकतो तिथला गिलावा गुळगुळीत आणि काळपट झाला आहे.

संडास परसात. तिथं जायला न्हाणीघरावरून वाट, न्हाणीची फरशी ओली, मध्ये चार बोटं उंचीचा उंबरा. दिवा आहे, पण त्याचं बटण स्वयंपाकघरात, दाराआड. रात्री पोचेपर्यंत अंधारच.

"बाई, संध्याकाळनंतर मी पाणीच पीत नाही," आक्का म्हणाल्या. "रातच्याला उठाया लागतं मग."

डॉक्टरांनी त्यांना पाणी भरपूर प्यायला सांगितलंय, मूत्रमार्गाचा त्रास आहे म्हणून. औषध चालू आहे आणि पाणी बंद आहे. घरांचं धोरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इमारती आणि योजना येतात. इथं सगळा प्रश्न एक उंबरा, एक ओली फरशी आणि चुकीच्या जागी बसवलेलं एक बटण यांचा आहे.

मुलं वाईट नाहीत. दर महिन्याला पैसे येतात, दिवाळीला दोघंही सहकुटुंब आले होते. "पुण्याला चल" म्हणून मागेही लागले. आक्का पूर्वी चार महिने तिकडे राहून आल्या. सातव्या मजल्यावर बोलायला कोणी नव्हतं. इथं दळण टाकायला गेलं तरी चार माणसं हाक मारतात.

सोमवार, 10 नोव्हेंबर

पेठेतला प्रकार वेगळाच. जुनं घर पाडून सिमेंटची इमारत उभी राहते, खाली गाळे निघतात, वर बिऱ्हाड जातं. लिफ्ट नसते. म्हणजे ज्यांचे गुडघे गेले तेच वर, आणि तळमजला मोबाइलच्या दुकानाला. तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला वरून हात करतात. मी वर गेले तेव्हा म्हणाले, "गणपतीनंतर खाली उतरलो नाही."

यात तात्यांच्या मुलाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तात्यांची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या कर्मचारी पेन्शन योजनेची. 2014 मध्ये तिची किमान रक्कम हजार रुपये ठरली आणि आजही ती हजारच आहे. तात्यांना त्याहून थोडी जास्त मिळते एवढंच. एका गाळ्याचं भाडं तिच्या कितीतरी पट येतं आणि त्या भाड्यावरच बांधकामाचं कर्ज फिटतंय. पेन्शन पुरेशी असती तर तळमजल्यावरची एक खोली तात्यांसाठी ठेवता आली असती.

निवृत्तीबरोबर कारखान्याची खोली सोडावी लागली आणि स्वतःचं घर बांधणं जमलं नाही, असेही पुष्कळ आहेत. ते भाड्यानं राहतात. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार आले, तर ते भाड्यातच जातात.

शुक्रवार, 14 नोव्हेंबर

आज कागदपत्रं वाचत बसले. महारेरानं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणानं, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे 900 मिलिमीटरचे दरवाजे, आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी. नियम चांगले आहेत. पण ते ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना लागू, आणि तसे प्रकल्प पुण्यासारख्या शहरांत होतात. अकलूजमध्ये माणूस स्वतःच्या जागेवर मिस्त्रीला हाताशी धरून घर बांधतो. त्याच्यापर्यंत यातलं एक अक्षरही पोचत नाही.

शहरी पंतप्रधान आवास योजनेत ज्येष्ठ आणि दिव्यांग असलेल्या कुटुंबांना तळमजला किंवा खालचे मजले देण्यात प्राधान्य आहे. तेही सरकारी इमारतीतल्या घरांच्या वाटपापुरतं. आहे त्या घरात दुरुस्ती करून म्हाताऱ्या माणसाला नीट राहता यावं, यासाठी आमच्या गल्लीत कोणती योजना पोचल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

सिंगापूरनं हे केलं. तिथं बहुतेक लोक सरकारी मंडळानं बांधलेल्या घरांत राहतात. 2012 पासून तिथं ज्येष्ठांच्या घरी न्हाणीघरात दांडे बसवणं, फरशी न घसरणारी करणं, उंबऱ्याला उतार काढणं, ही कामं सरकार बहुतांश खर्च उचलून करून देतं. श्रीमंत देशाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. दांडा बसवायला ड्रिल, चार स्क्रू आणि अर्धा दिवस लागतो. नगरपरिषदांना दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवावा लागतो. तसाच एखादा छोटा वाटा घरदुरुस्तीसाठी ठरवून ठेवला, तर अकलूजसारख्या गावात दरवर्षी कितीतरी घरांची सोय होईल.

मंगळवार, 18 नोव्हेंबर

सकाळी एक मावशी रडत आल्या. तीन वर्षांपूर्वी घर मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून दिलं. आता मुलगा म्हणतो, तुम्ही मागच्या पत्र्याच्या खोलीत राहा.

आपल्या राज्यात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. वरचा खर्च धरला तरी काम स्वस्तात आणि एका दिवसात होतं. म्हणून आईबाप पटकन सही करतात. सूनही खूश, मुलालाही कर्ज काढता येतं. पण त्या कागदात बहुतेक वेळा एक ओळ नसते: देणाऱ्याला तहहयात याच घरात राहू द्यायचं आणि सांभाळायचं.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं 23 वं कलम याच ओळीवर उभं आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येतं. अट असल्याचं दाखवता आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचायचा, आणि या कायद्याखालचं न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकतं. त्या आईकडे मुलानं सांभाळायचं लिहून दिलेलं वचनपत्र होतं. मावशींकडे काहीच नाही.

तरी त्यांना प्रांत कार्यालयात अर्ज करायला सांगितलं, लिहूनही दिला. न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांपुढेच चालतं आणि आपल्या उपविभागाचं प्रांत कार्यालय अकलूजमध्येच आहे, सोलापूरला हेलपाटे नाहीत. घर परत मिळेल की नाही सांगता येत नाही. निर्वाहभत्ता मात्र मागता येतो, कायद्यानं त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार. नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो.

मावशींनी अर्जावर अंगठा उमटवला आणि विचारलं, "यानं पोराला जेल तर नाही ना होणार?" होणार नाही, म्हटलं. मग थोड्या शांत झाल्या.

बुधवार, 19 नोव्हेंबर

दर जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे माणसांचा वृद्धाश्रम काढण्याची तरतूदही त्याच ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. ज्याला कोणीच नाही त्याला तो हवाच. पण मावशींना, आक्कांना, तात्यांना वृद्धाश्रम नको आहे. त्यांना घर आहे. ते घर त्यांचं राहावं आणि त्यात वावरता यावं एवढंच त्यांना हवं.

मंगळवार, 25 नोव्हेंबर

प्रचाराची गर्दी. आज उमेदवार दारात आले, मी थांबवून विचारलं. एकानं "वृद्धांसाठी बाग करू" म्हटलं. बाग चांगलीच, पण आक्का ओट्यावरून खाली आल्या तर बागेत जातील ना. दुसरी, तरुण मुलगी, आमच्याच शाळेत शिकलेली, ती मात्र थांबली. म्हणाली, "बाई, लिहून द्या." एक कागद भरून दिला. पहिली मागणी, प्रत्येक प्रभागात साठीपुढच्या माणसांच्या घरांची पाहणी, संडास कुठं आहे आणि पायऱ्या किती हे बघून. दुसरी, घरदुरुस्तीचा निधी. तिसरी, केरळमध्ये ‘पकल वीडु’ म्हणून दिवसाची घरं चालतात, तसं एखादं दुपारचं घर तळमजल्यावरच. आणि नव्या बांधकामात खाली एक राहती खोली व संडास ठेवणाऱ्याला घरपट्टीत सूट. तात्यांसारख्यांना यातल्या शेवटच्या कलमाचाच उपयोग होईल, म्हणून त्याखाली दोन रेघा मारल्या.

रविवार, 30 नोव्हेंबर

आक्कांच्या मुलाशी फोनवर बोलले होते, त्यानं लगेच पैसे पाठवले. आज मिस्त्रीनं पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवला, न्हाणीत दोन दांडे लावले, दिव्याचं बटण पलंगाजवळ आणलं. उंबरा काढायला आक्कांनी नकार दिला, तेव्हा दोन्हीकडून सिमेंटचा उतार काढला. सगळं दुपारपर्यंत झालं. इतकी वर्षं हे कोणाला सुचलं नव्हतं, कारण मुलं चार दिवसांसाठी येतात आणि त्यांचे पाय धड आहेत.

परवा मतदान आहे. हे वाचणाऱ्यांना दोन विनंत्या. मत मागायला येणाऱ्याला आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या संडासापर्यंत घेऊन जा आणि तिथं उभं राहून प्रश्न विचारा. आणि घर मुलांच्या नावानं करणार असाल, तर "तहहयात याच घरात राहण्याचा आणि सांभाळ करून घेण्याचा माझा हक्क राहील" ही अट बक्षीसपत्रात घातल्याशिवाय सही करू नका.