न दिसणारें बिऱ्हाड

शेजाऱ्यांची बदली झाली आणि पुष्कळ दिवस हेळसांड झालेली त्यांची प्रवाळांची काचपेटी आमच्याकडे आली. प्रवाळ मेले होते. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. त्यामुळें उरलेलें पाणी समुद्राहूनही खारट! मीं तें टाकून दिलें, खडकांवरचें शेवाळ खरवडलें आणि लिटरला सुमारें ३५ ग्रॅम क्षार घालून नवा समुद्र कालवला.

‘मासे केव्हां?’ मुलें रोज विचारतात. पण माशांच्या उत्सर्गांतला अमोनिया त्यांनाच विषारी असतो. त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करणारे जंतु खडकांत पुरेसे वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. पाहुणे पेटीकडे पाहून ‘हिच्यांत कांहींच नाहीं’ म्हणतात, तेव्हां मला हंसूं येतें. उजाड घर पुन्हां वसवावयाचें, तर न दिसणाऱ्यांचें बिऱ्हाड आधीं थाटावें लागतें. रंगीबेरंगी मंडळी मागाहून येतात.